पहाटे तीनचा निर्णय

“पंप कसा घेता, जरा दाखवा बरं.” दम्याच्या तपासणीत या एका वाक्याने जेवढं कळतं, तेवढं पुष्कळदा स्टेथोस्कोपनेही कळत नाही. समोरचा माणूस खिशातून पंप काढतो, टोपण उघडतो, तोंडाशी नेतो आणि दाबतो. ओठांच्या कडेने धुरासारखी एक पांढरी रेघ वर निघून जाते. ते औषध होतं. कुणाच्या नाकातून निघतं. कुणाचं बाहेर काहीच दिसत नाही, कारण ते घशाच्या मागच्या भिंतीवर जाऊन बसलेलं असतं. ‘पंपाने मला काही फरक पडत नाही’ ही मग अगदी खरी तक्रार ठरते. औषध पोचलंच नाही तर फरक कशाने पडणार?

इथे डॉक्टरापुढे दोन वाटा असतात. एक, डोस वाढवायचा किंवा नवं औषध लिहायचं. दुसरी, तीन मिनिटं काढून पंप शिकवायचा. पहिली वाट झटपट आहे आणि रुग्णालाही ती ‘उपचार केल्यासारखी’ वाटते. दुसरीत काही लिहून दिलं जात नाही, म्हणून ती उपचारात धरलीच जात नाही. दमा सांभाळण्यातली निम्मी गडबड इथूनच सुरू होते असं माझं मत आहे.

साध्या फवाऱ्याच्या पंपाची कृती ऐकायला सोपी. टोपण काढून तोंडाशी काही अडकलेलं नाही ना ते बघायचं. पंप चांगला हलवायचा, उभा धरायचा. हनुवटी किंचित वर करून श्वास आरामात बाहेर सोडायचा. पंपाचं तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे. मग सावकाश श्वास आत घ्यायला लागायचं आणि लागताक्षणी दाबायचं. दाबल्यावर ओढणं थांबवायचं नाही. तोच श्वास चार-पाच सेकंद खेचत राहायचा आणि मग दहा सेकंद, जमेल तेवढा, रोखून धरायचा. दुसरा पफ घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून.

चुकतं ते तीन ठिकाणी. दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नाही: आधी दाबलं तर औषध घशात, उशिरा दाबलं तर श्वास संपलेला. दुसरं, घाबरलेला माणूस हवा जोरात ओढतो. फवाऱ्याचा वेग मुळातच जास्त, त्यात हा जोर. कण घशाचं वळण घेऊ शकत नाहीत आणि तिथेच आदळतात. तिसरं, श्वास रोखला जात नाही. कामाचे कण एक ते पाच मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे असतात. इतक्या बारीक कणांना खाली बसायला वेळ लागतो. तो दिला नाही तर ते आले तसे उच्छ्वासाबरोबर परत जातात. 1975 ते 2014 या काळातले इनहेलर वापराविषयीचे अभ्यास एकत्र करून 2016 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. बरोबर पद्धतीने इनहेलर घेणारे त्यात सरासरी 31 टक्के निघाले, आणि चार दशकांत या आकड्यात सुधारणा नव्हती. यात ज्याला रुग्णांचा निष्काळजीपणा दिसतो त्याने आकडा पुन्हा वाचावा. माणसं चाळीस वर्षं सारखीच चुकत असतील, तर प्रश्न शिकवणाऱ्यांनाही लागू होतो.

तोंडी सांगून हे जमत नाही. पोहायला तोंडी शिकवण्यासारखं ते आहे. डॉक्टरने किंवा नर्सने औषध नसलेला सरावाचा पंप हातात घेऊन करून दाखवायचं, मग रुग्णाला करायला लावायचं, जे चुकलं ते एकच सांगायचं आणि पुन्हा करायला लावायचं. एका वेळी पाच चुका सांगितल्या की सहावी तयार होते. ‘समजलं ना?’ हा प्रश्न सरळ टाळावा, कारण त्याला ‘हो’ हे एकच उत्तर असतं. ‘घरी कुणी विचारलं तर तुम्ही त्यांना कसं शिकवाल?’ असं विचारलं की समजलंय की नाही ते लगेच दिसतं. आणि एकदा शिकवलं म्हणजे झालं असंही नाही. चार ते सहा आठवड्यांत जुन्या चुका हळूच परत येतात, म्हणून प्रत्येक भेटीत पंप बाहेर काढायचा. शिकवणाऱ्यालाही तो नीट घेता यावा ही अपेक्षा किरकोळ वाटते. ती नेहमी पुरी होत नाही.

पावडरीच्या उपकरणाचं तंत्र बरोबर उलटं. त्यात फवारा नसतो. पावडर सुटी करण्याची सगळी ताकद रुग्णाच्या ओढण्यातून यावी लागते. म्हणून इथे श्वास पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल घ्यायचा. घेण्याआधी श्वास बाहेर सोडायचा, पण उपकरणात नाही, तोंड बाजूला करून. आतली वाफ लागली की पावडरीच्या गुठळ्या होतात. न्हाणीघरातल्या कपाटात ठेवलेल्या उपकरणाचंही तेच होतं. कॅप्सूलचं उपकरण असेल तर ओढताना कॅप्सूल आत खडखडली पाहिजे, आणि नंतर उघडून बघितल्यावर पावडर उरलेली दिसली तर त्याच कॅप्सूलवर आणखी एकदा ओढायचं. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक असतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. कॅप्सूल दिसली की गिळायची हे त्यांना आयुष्यभर आपणच शिकवलेलं असतं.

आता एकाच माणसाला सकाळ-संध्याकाळसाठी पावडर आणि धाप लागल्यावर फवारा लिहून दिला, तर एकाला जोरात ओढायचं आणि दुसऱ्याला सावकाश. शांतपणे बसून विचारलं तर तो बरोबर सांगेल. दम कोंडलेला असताना हातात जे येईल ते एकाच पद्धतीने ओढेल. जमेल तिथे दोन्ही औषधं एकाच प्रकारच्या उपकरणातून द्यावीत, हा चिठ्ठी लिहिताना घ्यायचा निर्णय आहे. तो रुग्णाच्या हातात नाही.

मेळ बसत नसेल तर स्पेसर आहेच. पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची ही प्लॅस्टिकची नळी किंवा फुगा म्हणजे फवाऱ्याला दिलेली थांबायची जागा. मोठे कण तिच्या भिंतीवर बसतात, बारीक कण हवेत तरंगत राहतात आणि सावकाश घेतलेल्या श्वासाबरोबर आत जातात. लहान मुलांसाठी मास्क लावून पाच-सहा साधे श्वास पुरतात. स्पेसर फक्त मुलांसाठी किंवा म्हाताऱ्यांसाठी असतो हा गैरसमज इतका पक्का आहे की धडधाकट माणसाला तो दिला की त्याला कमीपणा वाटतो. वापरतानाही दोन चुका ठरलेल्या. एक, वेळ वाचवायला त्यात एकदम दोन-तीन पफ मारणं. फवारे एकमेकांत मिसळतात, कण मोठे होतात आणि मिळणारं औषध कमी होतं. म्हणून एक पफ, मग श्वास, मग पुढचा पफ. दुसरी चूक स्वच्छतेची. स्पेसर धुऊन फडक्याने खसाखसा पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज चढते आणि औषध भिंतीला चिकटून राहतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून धुवायचा, पाणी निथळू द्यायचं आणि हवेत वाळवायचा. पुसायचा तो फक्त ओठांकडचा भाग.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: पंप रिकामा झाला तरी फवारा येत राहतो. औषध संपतं, ते ढकलणारा वायू उरतो. पाण्यात डबी तरंगते का बघण्याच्या जुन्या युक्तीवर भरवसा ठेवू नये. आकडा दाखवणारा पंप असेल तर तो बघावा, नसेल तर पंप सुरू केल्याची तारीख त्याच्यावर चिकटवावी आणि हिशेब मांडावा. 200 पफांचा पंप, सकाळी दोन संध्याकाळी दोन: पन्नास दिवस. एक्कावन्नाव्या दिवसापासून आपण नुसता वायू घेत असतो.

या उपकरणाचा जन्म रुग्णाच्या एका प्रश्नातून झाला, हे मला फार सूचक वाटतं. 1950 च्या दशकात दम्याचं औषध रबरी फुगा दाबून, काचेच्या नळीतून फवारत घ्यावं लागे. फुटायला सोपं, बरोबर नेणं कठीण. रायकर लॅबोरेटरीजचे जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमा असलेल्या मुलीने विचारलं, की केसांवरचा स्प्रे डबीत मिळतो, तर माझं औषध तसं का मिळत नाही? 1956 मध्ये पहिला मोजून डोस देणारा पंप बाजारात आला. तोवर दम्याच्या माणसाला उपचार शोधत जावं लागायचं, त्या वर्षापासून उपचार खिशात राहू लागला. पंप खिशात गेला. तो कधी, किती आणि कोणता वापरायचा हे ठरवण्याची अक्कल मात्र बरीच वर्षं दवाखान्यातच राहिली.

कोणता, यावरच सगळा घोळ आहे. दम्यात श्वासनलिकांचं दोन तऱ्हेने बिघडतं: त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात आणि आतलं अस्तर सुजतं. सल्ब्युटामॉलसारखं औषध आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं आणि त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. सुजेला ते हातही लावत नाही. सूज उतरवायला श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड लागतं, आणि ते दिवसांच्या, आठवड्यांच्या हिशेबाने काम करतं. म्हणजे एक औषध लगेच बक्षीस देतं आणि दुसरं काहीच दिल्यासारखं वाटत नाही. माणूस कोणतं जवळ ठेवील? रिलीव्हर, म्हणजे लगेच आराम देणारा पंप, उशाशी आणि कंट्रोलर, म्हणजे सूज उतरवणारा, कपाटात, ही मांडणी अज्ञानातून आलेली नसते. ती अनुभवातून आलेली असते, आणि म्हणूनच नुसत्या उपदेशाने बदलत नाही.

या मांडणीची किंमत मात्र मोठी आहे. न्यूझीलंडमध्ये 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात दम्याने मृत्यू एकाएकी वाढले. फेनोटेरॉल या जोरकस रिलीव्हरशी त्यांचा संबंध दिसून आला आणि त्याच्या वापरावर मर्यादा आल्यावर मृत्यूही घटले. आता मोजायची गोष्ट पक्की झाली आहे: वर्षाला 200 पफांचे तीन किंवा अधिक रिलीव्हर पंप लागत असतील तर दम्याच्या झटक्यांचा धोका वाढलेला, बारा किंवा अधिक लागत असतील तर मृत्यूचाही. दम्यासाठी जगभरची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने 2019 मध्ये प्रौढांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना एकटं सल्ब्युटामॉल देण्याची शिफारसच काढून घेतली. त्याऐवजी पुढे आला तो एकाच पंपात बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा जोड. फॉर्मोटेरॉल लगेच आराम देतं, बुडेसोनाइड हे स्टिरॉइड सुजेवर चालतं. आरामासाठी दाबलं तरी सुजेचं औषध आपोआप जातं. माणसाची सवय मोडण्याऐवजी सवयीतच औषध घातलं. उपदेशापेक्षा हे शहाणपणाचं. सगळेच जोडपंप मात्र असे वापरता येत नाहीत. सॅल्मेटेरॉल असलेला पंप उशिरा चढतो, तो धाप लागल्यावर घ्यायचा नसतो. दोन्ही पंपांचे रंग जवळचे असले तर हे डबीवर मोठ्या अक्षरात लिहून द्यावं लागतं.

कंट्रोलर खरोखर घेतला जातो का, हे विचारायलाही कसब लागतं. ‘औषध नियमित घेता ना?’ यात ‘ना’ बसलेला असतो, म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं. त्यापेक्षा, ‘बऱ्याच जणांचं रोज घेणं होत नाही. गेल्या चार आठवड्यांत तुमचं आठवड्यातून किती दिवस झालं असेल? एक, दोन, तीन?’ असं विचारलं की माणूस खरं बोलतो, कारण खरं बोलायला जागा ठेवलेली असते. मग कारणं बाहेर येतात. विसरणारा वेगळा, घाबरणारा वेगळा. विसरणाऱ्याला पंप दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवायला सांगितलं की पुष्कळ काम होतं. नाहीतरी पफ घेतल्यावर चूळ भरून थुंकायचीच असते, नाहीतर तोंडात बुरशी धरते आणि आवाज बसतो. घाबरणाऱ्याला ब्रशचा उपयोग नाही.

त्याची भीती दोन वाक्यांची असते: ‘पंपाची सवय लागते’ आणि ‘स्टिरॉइड वाईट’. या भीतीची टर उडवणारा डॉक्टर त्या रुग्णाला गमावतो. सवय लागत नाही हे सांगण्यापेक्षा, औषध बंद केल्यावर त्रास परत येतो तो आजार अजून आहे म्हणून, हे सांगणं जास्त खरं आहे. चष्मा काढला की धूसर दिसतं, तसं. स्टिरॉइडच्या बाबतीत आकडे मांडावेत. प्रौढ माणसाला श्वासातून दिलेला बुडेसोनाइडचा कमी डोस दिवसाला 200 ते 400 मायक्रोग्रॅम. झटका आल्यावर गोळीने दिलं जाणारं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिवसाला 40 ते 50 मिलिग्रॅम, म्हणजे 40,000 ते 50,000 मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, तेव्हा हा हिशेब काट्याचा नाही. पण पंपाला घाबरून टाळलेलं स्टिरॉइड शेवटी गोळीतून, आणि साऱ्या अंगातून, भोगावं लागतं एवढं त्यातून स्पष्ट दिसतं. अशा गोळ्यांचे आयुष्यात चार-पाच कोर्स झाले तरी हाडं ठिसूळ होणं, मधुमेह, मोतीबिंदू यांचा धोका वाढायला लागतो. सल्ब्युटामॉलची गोळी ‘पंपापेक्षा सौम्य’ समजून मागणाऱ्यालाही असाच हिशेब दाखवावा: एक पफ 100 मायक्रोग्रॅमचा, एक गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची. वीस ते चाळीस पट औषध, तेही पोटातून, उशिरा, आणि हातांना कंप आणि छातीत धडधड सोबत घेऊन.

‘कसं आहे?’ ‘ठीक आहे.’ दम्याच्या तपासणीतला हा सर्वात धोकादायक संवाद. माणूस खोटं बोलत नसतो. त्याने आयुष्य कापून आजाराच्या मापाचं केलेलं असतं. जिना चढायचं सोडलं, त्यामुळे जिना चढताना धाप लागत नाही. मोठ्याने हसायचं सोडलं. रात्री दोन उशा घेतो, हे त्याला लक्षणच वाटत नाही. म्हणून चार नेमके प्रश्न विचारायचे, सगळे गेल्या चार आठवड्यांबद्दल. दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? दम्यामुळे रात्री एकदा तरी जाग आली का? रिलीव्हर आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे एखादं काम टाळलं का? एकही ‘हो’ नसेल तरच दमा आटोक्यात. एक-दोन ‘हो’ म्हणजे अर्धवट, तीन-चार म्हणजे सुटलेला. यातला शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसावं. उत्तर लगेच येत नाही, आणि येतं तेव्हा पुष्कळदा बरोबर आलेल्या घरच्या माणसाकडून येतं.

काहींना तर धापच कळत नाही. श्वासनलिका निम्म्या आवळल्या तरी त्यांना ‘जरा जड वाटतंय’ एवढंच वाटतं. अशांना, आणि ज्यांना एकदा तरी मोठा झटका येऊन गेला आहे त्यांना, पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारं यंत्र, द्यावा. बेसिल मार्टिन राइट यांचं हे यंत्र 1959 मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा मोठं आणि जड होतं. आजचं हातात मावतं. काटा शून्यावर आणायचा, उभं राहायचं, पूर्ण श्वास भरायचा, ओठ घट्ट मिटून एकच फुंकर, जितकी जोरात जमेल तितकी. लांब नाही, जोरात. बोट काट्याच्या वाटेत येऊ द्यायचं नाही, आणि जिभेने तोंड अडवायचं नाही. असं तीनदा करून सर्वात मोठा आकडा लिहायचा. सरासरी काढायची नाही. त्रास नसताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ असे आकडे लिहिले की त्यातला सर्वोत्तम हा ‘आपला’ आकडा. उंची-वयाच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्यावर बेतलेल्या योजना जास्त उपयोगी पडतात. आणि एकेका आकड्यापेक्षा वहीतली रेघ महत्त्वाची: सकाळचे आकडे संध्याकाळपेक्षा दिवसेंदिवस जास्त घसरू लागले, तर झटका अजून दोन-चार दिवस लांब आहे तोवरच त्याची चाहूल लागते.

सकाळचे आकडे आधी घसरतात याला कारण आहे. श्वासनलिका रोजच पहाटे चारच्या आसपास सर्वात अरुंद असतात. निरोगी माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, दम्याच्या माणसाला जाग येते. म्हणजे दम्यातला सर्वात अवघड निर्णय शरीर अशा वेळी मागतं जेव्हा दवाखाना बंद असतो, घर झोपलेलं असतं आणि डोकं धड चालत नसतं. आणखी दोन पफ घ्यावेत? सकाळपर्यंत थांबावं? कुणाला उठवावं? वर्षात चार भेटी, प्रत्येकी पंधरा मिनिटं धरली तरी डॉक्टरचा सहवास वर्षाला एक तास. तो तास कशासाठी वापरायचा, तर हा पहाटेचा निर्णय दिवसाउजेडी, दोघांनी मिळून, आधीच घेऊन ठेवण्यासाठी. लेखी कृती आराखडा म्हणतात तो हाच.

चांगला आराखडा एका पानाचा असतो आणि त्यात आकडे असतात. समजा, एखाद्याचा सर्वोत्तम पीक फ्लो 400 आहे. तर 320 च्या वर हिरवा भाग, नेहमीचं औषध चालू. 320 ते 200 पिवळा. आणि 200 च्या खाली लाल. ज्याच्याकडे मीटर नाही त्याच्यासाठी तेच भाग लक्षणांवर बेतायचे: रात्री जाग येणं, रिलीव्हर नेहमीपेक्षा जास्त लागणं, सर्दी छातीत उतरणं म्हणजे पिवळा. पिवळ्या भागात काय करायचं हे रुग्णाच्या औषधावर अवलंबून असतं, म्हणून छापील आराखडा सगळ्यांना चालत नाही. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल घेणारा त्रासाप्रमाणे त्याच पंपाचे जादा पफ घेतो, पण दिवसाची कमाल मर्यादा आराखड्यात आकड्याने लिहिलेली हवी. श्वासातून नुसतं स्टिरॉइड घेणाऱ्या प्रौढाचा डोस काही दिवसांसाठी चौपट करण्याचा पर्याय डॉक्टर लिहू शकतो. दुप्पट करून उपयोग होत नाही हे अभ्यासांत दिसलंय, आणि 2018 च्या मोठ्या चाचणीत चौपट डोसचा फायदा झाला तोही माफकच होता. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घरी ठेवायला दिल्या असतील तर किती मिलिग्रॅम, किती दिवस आणि नेमक्या कोणत्या आकड्याला सुरू करायच्या ते लिहावं. सुरू केल्या की त्याच दिवशी कुणाला कळवायचं, तेही.

लाल भागात वाक्यं छोटी लागतात. ऑस्ट्रेलियात शिकवतात ती चार-चार-चारची रीत लक्षात ठेवायला सोपी: सरळ बसायचं, स्पेसरमधून एकेक करून सल्ब्युटामॉलचे चार पफ, प्रत्येक पफाला चार श्वास, मग चार मिनिटं थांबायचं, फरक नाही तर पुन्हा चार पफ, तरीही फरक नाही तर अँब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. एका दमात वाक्य पूर्ण करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत जात असेल किंवा छातीची घरघर एकाएकी थांबून शांत झाली असेल आणि धाप तशीच असेल, तर चार मिनिटंही थांबायचं नाही. घरघर थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजणं ही जिवावर बेतणारी चूक आहे. शिट्टी वाजायलासुद्धा हवा आत-बाहेर व्हावी लागते.

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2014 साली दम्याच्या 195 मृत्यूंची छाननी प्रसिद्ध केली. त्यातल्या फक्त 44 जणांना असा आराखडा मिळाल्याची नोंद होती. आणि 45 टक्के माणसं वैद्यकीय मदत मागण्याआधी किंवा ती पोचण्याआधी गेली. दवाखान्यात काय दिलं आणि काय नाही, ही चर्चा या 45 टक्क्यांना लागूच होत नाही. त्यांचं जे काही ठरलं ते घरात ठरलं.

आराखडे फसतात त्याची कारणं फार साधी. ‘त्रास वाढल्यास डॉक्टरांना दाखवा’ हे वाक्य आराखडा नव्हे. त्यात वाढल्यास म्हणजे किती हे नाही, आणि पहाटे तीन वाजता कोणते डॉक्टर हेही नाही. रंगीत तक्ता देतात आणि औषधाच्या रकान्यात फक्त ‘निळा पंप’ लिहितात. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा करडा पंप दिला की सगळंच अडतं. कागद फाइलमध्ये जातो, फाइल कपाटात, आणि झटका येतो तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाला त्याचा पत्ताच नसतो. त्याचा फोटो फोनमध्ये, एक प्रत भिंतीवर आणि मूल असेल तर एक शाळेत, एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो.

धूळ, धूर, परागकण, ओल यांच्याबद्दल खूप लिहिलं जातं, म्हणून इथे थोडक्यात. ‘सगळं टाळा’ हा सल्ला पाळता येत नाही. कोणत्या गोष्टीने खरंच त्रास होतो ते वहीतून शोधावं आणि तेवढ्याचाच बंदोबस्त करावा. धूम्रपान मात्र सरसकट बंद. व्यायाम टाळायचा नसतो, त्याआधी औषध ठरवून घ्यायचं असतं. आणि औषधांतल्या छुप्या शत्रूंची यादी आराखड्याच्या पाठीमागे लिहावी: काहींना ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या वेदनाशामकांनी झटका येतो, आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा छाती आवळू शकतात. डोळ्यांचे थेंब आणि दमा यांचा संबंध कुणाच्याही मनात आपणहून येत नाही. रुग्णाच्या नाही, आणि डोळ्यांच्या डॉक्टरला दम्याचं सांगितलेलं नसेल तर त्यांच्याही नाही.

हे सगळं रुग्णाच्या हाती देणं डॉक्टरला जड जातं, हेही मान्य करायला हवं. घरी स्टिरॉइडच्या गोळ्या ठेवल्या आणि त्याने ऊठसूट घेतल्या तर? मर्यादा ओलांडली तर? शंका रास्त आहेत. पण आराखडा दिला नाही म्हणून रुग्ण निर्णय घ्यायचा थांबत नाही. तो शेजाऱ्याचा पंप घेतो, जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या आणतो, किंवा सकाळची वाट बघतो. निर्णय त्याचाच असतो. आधाराशिवाय घेतलेला असतो एवढंच.

म्हणून झटक्यानंतरची भेट सर्वात मोलाची. ती आठवड्याच्या आत व्हावी, आठवण ताजी असताना. ‘आधी का नाही आलात?’ हा प्रश्न तिथे विचारू नये. त्याने पुढच्या वेळी माणूस आणखी उशिरा येतो. ‘पहिल्यांदा वेगळं कधी वाटलं आणि तेव्हा काय केलंत?’ असं तासातासाने मागे जात विचारावं. पुष्कळदा कळतं की कागद पाळला होता, पण आकडाच चुकीचा लिहिला होता. पिवळा भाग उशिरा सुरू होत होता. मग चूक कागदाची, आणि ती कागदावर दुरुस्त करायची.

सगळं तीन महिने सुरळीत चाललं तर औषध कमी करायचा विचार होतो, एका वेळी पाव ते निम्मं. त्यासाठी वेळ निवडावी लागते: सर्दी नसताना, प्रवास किंवा परीक्षा तोंडावर नसताना. स्टिरॉइड पूर्ण बंद करायचं नाही, आणि काही बिनसलं तर कोणत्या डोसवर परत जायचं ते आधीच लिहून द्यायचं. नव्या डोसचा नवा आराखडा, वर तारीख. जुना तिथेच, रुग्णासमोर फाडून टाकावा. घरात दोन कागद राहिले की रात्री हाताला जुनाच लागतो.